पाय एकदम ठीक आहेत

सोमवार, १ डिसेंबर, सकाळी ६.४०
आजपासून रोज लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही, म्हणून खरं लिहायचं.
खरं म्हणजे माझ्या पायांना काही झालेलं नाही. काल अंबाडीहून येताना एक चप्पल एस.टी.त राहिली आणि स्टँडपासून घरापर्यंत मी एकाच चपलेवर चालत आलो. बायकोने, सुमतीने, दारात विचारलं तेव्हा लक्षात आलं. विचारात होतो. तिला लगेच शुगर आठवली. शुगर आठ वर्षांची आहे, त्यात नवीन काय? गोळी आठवली की घेतो.
संकल्प: रोज पाऊण तास चालणे. चहा बिनसाखरेचा.

मंगळवार, २ डिसेंबर
चाललो नाही. चप्पल एकच.
स्टाफरूमच्या चहात साखर आधीच घातलेली असते. त्याला मी काय करणार.

बुधवार, ३ डिसेंबर
दहावी ब ला चेतासंस्था. सव्वीस वर्षं शिकवतोय, पुस्तक उघडावं लागत नाही. गरम तव्याला हात लागला, चेतातंतूंनी संदेश मेरुरज्जूला दिला, तिथूनच हुकूम सुटला, हात मागे. मेंदूला नंतर कळतं. भिवंडीच्या पोरांसाठी माझं खास उदाहरण: लूमवर धागा तुटला की लूम आपोआप थांबतो.
दिपिकाचे वडील लूमवर आहेत. तिने विचारलं, सर, धागा तुटूनही लूम थांबलाच नाही तर? हे परीक्षेला येत नाही, असं सांगून बसवलं.

शुक्रवार, ५ डिसेंबर
आनंदाची बातमी. दोन वर्षं तळव्यांना मुंग्या यायच्या, आग व्हायची. सगळं बंद. सुमतीला सांगितलं तर खूश व्हायचं सोडून म्हणाली, माधवीला दाखवू. माधवी माझी विद्यार्थिनी, आता डॉक्टर. प्रतिक्षिप्त क्रिया तिला मीच शिकवली. ती मला काय तपासणार?
त्यापेक्षा रविवारी गणेशपुरीची कुंडं. आमच्या घरात गुडघ्यापासून गळवापर्यंत हाच इलाज. गरम पाण्याने रक्त खेळतं.

रविवार, ७ डिसेंबर, संध्याकाळ
मोठं यश. सगळ्यात गरम कुंडाला लोक बोट लावून मागे सरत होते. मी घड्याळ लावून दहा मिनिटं पाय सोडून बसलो. नारळवाला सावळाराम दोनदा येऊन गेला.
"मास्तर, पाय भाईर काढा. आज पानी लय कडक हाय. तुमाला कलत न्हाय का?"
मी नुसता हसलो. मनावर ताबा असला की शरीर ऐकतं, हे नारळवाल्याला काय सांगायचं. सुमती देवळातून आली आणि पाय बघून चारचौघांत चिडली. पाय लाल झाले होते. लाल म्हणजे रक्त खेळतंय, एवढंही तिला कळू नये.

सोमवार, ८ डिसेंबर
फोड आलेत. डाव्या पायाला तीन, उजव्या अंगठ्याला एक मोठा. अजिबात दुखत नाहीत, म्हणजे साधेच. बूट घालून शाळेत. चालणं उद्यापासून.

गुरुवार, ११ डिसेंबर
शिपाई दामू म्हणाला, सर, तुमच्या टेबलाखाली काहीतरी मेलंय. शोधलं, काही नव्हतं.
घरी सुमतीने मोजा ओढून काढला आणि जमिनीवरच बसली. मग उठून तिने माधवीला फोन लावला. ती मला न विचारता काही करते तेव्हा मला भीती वाटते.

शनिवार, १३ डिसेंबर
माधवीकडे गेलो. तिने झोपवून डोळे मिटायला सांगितले. नायलॉनची बारीक तार ती तळव्याला लावणार, कळलं की मी 'हो' म्हणायचं. म्हणजे तोंडी परीक्षा. आयुष्यभर घेतल्यात.
सुरुवातीला काही आलंच नाही. नापास होणं परवडणारं नव्हतं, सुमती पडद्याबाहेर उभी होती. म्हणून मनात चार अंक मोजून एक 'हो', असं धोरण ठेवलं. दहा वेळा म्हणालो, ठणठणीत आवाजात.
डोळे उघडले तेव्हा माधवीने तार कधीच टेबलावर ठेवली होती.
"सर, दुसऱ्या 'हो'नंतर मी थांबले होते. तुम्ही म्हणतच राहिलात."
अंगठा राहील की नाही, नक्की सांगता येत नाही म्हणाली. उद्याच ठाण्याला ॲडमिट व्हायचं.
दिपिकाला उत्तर द्यायचं राहिलंय.

रविवार, १४ डिसेंबर, सकाळी ७.१०
बॅग भरली. शाळेत कळवलं, साधी तपासणी आहे, बुधवारी हजर. अंगठ्याचं बोललो नाही.
गाडी यायची आहे, म्हणून टेबलाशी खुर्चीत बसून हे लिहितोय. पान उलटताना वही खाली पडली, उचलायला वाकलो. सुमती खाली बसली होती, माझा पाय मांडीवर घेऊन, पट्टीच्या वर घोट्यावरून हात फिरवत.
कधी आलीस, विचारलं.
अर्धा तास झाला, म्हणाली.