लाल ठिपका

११ नोव्हेंबर

चि. बाळ्यास,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण काज-बटणं करायला गुडघा लागत नाही. चिमणीचा खोकला गेला का?

रविवारी कुत्र्याचं पिल्लू न्यायला येतोस, चिमणीला वाढदिवसाला द्यायचं कबूल केलंयस, हे कळलं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते.

पिल्लाला डॉक्टरीणबाईंना दाखवलं. नाक सोललंय. इथे राहत होतास तेव्हा तू म्हणायचास, "वेडं आहे गं ताई, खेळतंय." खेळत नाही. भिंतीवर कवडसा पडला, चमच्याची चमक हलली, की झेप घेतं आणि नाकाने भिंत घासत राहतं. परवा अर्धा तास. खाणं पुढे ठेवलं तरी बघत नाही.

बाईंनी विचारलं, "घरात कुणी लेझरचा ठिपका दाखवतं का?"

"माझा भाऊ. व्हिडिओ काढायला."

"ठिपका त्याला कधी सापडतो?"

"कसा सापडेल?"

"तेच तर. बहुतेक पिल्लं शेपटीमागे फिरतात, कंटाळतात, सोडून देतात. ह्याची शिकार संपतच नाही. ओरडू नका, हसूही नका. हळूच दुसरीकडे न्या, दिवसातून चार वेळा बाहेर फिरवून आणा. आणि दिवसभर कुणीतरी सोबत हवं."

तुझ्या नावाने मी तिथे भरपूर बोटं मोडली. चार लोक हसले की ह्याला कोण आनंद, म्हटलं. मला बरं वाटलं.

पण बाई हुशार. म्हणाल्या, "भाऊ जाऊन अडीच महिने झाले म्हणता. आणि हा त्रास तर वाढतोय."

बाळ्या, लेझर तू इथेच विसरलास, टीव्हीखालच्या खणात. मी सहाला कामावरून यायची, पाय भरून आलेले. पिल्लू पट्टा तोंडात धरून दारात उभं. मी खुर्चीत बसूनच ठिपका फिरवायची. वीस मिनिटांत ते दमायचं, माझा जिना वाचायचा. तू हौसेने कधीमधी केलंस. मी रोज केलं. बाईंना हे सांगितलं नाही, त्यांनी ओळखलं.

रविवारी येऊ नकोस. तुम्ही दोघंही कामावर, घराला दिवसभर कुलूप. माझंही तेच. काल मी पिल्लू बाईंच्या ओळखीच्या एका माळीबुवांना दिलं. म्हातारा माणूस, दिवसभर अंगणातच असतो. दिल्याच्या कागदावर सही माझी. तुला विचारलं असतं तर "बघू" म्हणाला असतास, आणि मग माझ्याच्यानेही दिलं गेलं नसतं.

जाताना ते माझ्याकडे वळून बघेल असं वाटलं होतं. ते माळीबुवांच्या चष्म्याच्या काचेकडे बघत होतं.

चिमणीला सांग, आत्याने दिलं. का, असं विचारलं तर तुझा वाटा तू सांग. माझा मी येऊन सांगेन, तू बोलावलंस तर.

थोरली, पण शहाणी नव्हे,
तुझी ताई