पांढऱ्याचं निम्मं

प्रिय बाबा,

मी धडधाकट आहे, तुम्ही पाठवलेले मोजे पायात आहेत आणि वेळेवर जेवतेय. आईला एवढंच वाचून दाखवा.

साइमा सरोवरावर यंदा ऐन हिवाळ्यात चारदा पाऊस पडला. थंडी उणावल्याने बर्फाचं काय होतंय हे मोजायलाच मी इथे आलेय, त्यामुळे कामाला तोटा नाही. तुमचा गुडघा कसा आहे? त्याचं निमित्त करा, पण यंदा बर्फावर मासे धरायला जाऊ नका.

इथला ऐनारी दरवर्षी बर्फावर फर झाडाची रोपटी रोवून गाडीवाट आखायचा. मागच्या सोमवारी त्याने विचारलं, "काय गं पोरी, तुझं यंत्र काय म्हणतं?"

मी म्हटलं, "पंचवीस सेंटिमीटर."

"मग माझी गाडी आरामात जाईल की!"

त्यातला अठरा पांढरा होता, पावसात भिजून गोठलेल्या हिमाचा. पांढरा बर्फ कच्चा, जाडी मोजताना त्याचं निम्मंच धरायचं, हे तुम्ही मला सहाव्या वर्षी शिकवलंत. वहीत मी दोन्ही आकडे वेगळे लिहिले होते. तोंडाने बेरीज सांगितली.

गाडी रोपट्यांसकट आत गेली. आता तिथला बर्फ माणसाला पेलत नाही आणि होडीला वाट देत नाही. ऐनारी अजून खालीच आहे.

त्याची बायको हिल्मा रोज सकाळी कॉफी घेऊन येते. शिव्या देत नाही. बर्फ किती झाला, एवढंच विचारते.

आज मी म्हटलं, "नऊ."

"त्यात पांढरा किती?" तिने विचारलं.

तुमची,
काइसा