बांगडा आला नव्हता

बाबा, कसे आहात? गुडघा तिथे तरी दुखत नसेल. आईचा खोकला थांबला का? ताई तिच्या घोवावर अजून डाफरते का, आणि दाजी अजून तसेच हसून गप्प बसतात का? तुम्ही सगळे तिकडे, मी एकटी इकडे, म्हणून एकेकाची चौकशी. माझं बरं आहे. दिसतं कमी, आठवतं जास्त.

आज ते बेट आठवलं. आपला गाव आणि ताईचं सासर यांच्या मधलं, धड माडही नसलेलं. मासळी सुकवायला दोन्ही गावांना तेच हवं होतं. तुम्ही पूर्वी लढाऊ जहाजावर खलाशी होतात, म्हणून गावाने तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "तोफ दाखवची आसता, उडवची नसता." झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळ्या होड्या एका रांगेत बेटासमोर उभ्या करायच्या, हात कोणी उचलायचा नाही. ते बघतील आणि फिरतील.

त्या सकाळी मी पेजेचं मडकं घेऊन होडीपाशी येते, तर जाळ्याखाली धोंडे.

"बाबा, धोंडे कित्याक?"

"वजनाक गो चेडवा." तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत.

तेवढ्यात ताईचा निरोप आला, दाजी कोयता घेऊन होडीत बसले. ताईची पोर तेव्हा सहा महिन्यांची. मी मडकं तिथेच ठेवलं आणि टेकाड चढले.

टेकाडावरून दोन्ही रांगा दिसत होत्या. मधे दोन माडांच्या लांबीएवढं पाणी. कोणी पुढे येत नव्हतं, कोणी मागेही जात नव्हतं. खरं सांगते बाबा, तुमची रांग देखणी होती. पण उन्हं चढत होती आणि शिव्या ऐकू येऊ लागल्या होत्या. टेकाडावरून मासळीवर नजर ठेवून खूण करणारा माणूसही तुमच्याच होडीत, त्यामुळे बांबूला बांधलेलं त्याचं धोतर टेकाडावर एकटंच पडलेलं. मी ते उचललं आणि बांगड्याचा थवा किनाऱ्याला लागला की फिरवतात तसं हात दुखेपर्यंत फिरवलं.

आधी तुमच्या रांगेतली शेवटची होडी वळली, मग सगळ्याच. आणि त्यांच्याही. आपल्याकडे लागलेला बांगडा घटकाभरात त्यांच्याकडे जातो, हे त्यांनाही ठाऊक. अख्खा गाव रापणीच्या, किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, दोराला लागला. ओढून काढलं तर मूठभर बारके पेडवे आणि शेवाळ.

संध्याकाळी दाजी आपल्या ओटीवर आले, रिकाम्या हातांनी. "मामानु, तुमच्या बांगड्यान आमकाय फसयल्यान."

"बांगडो तुमच्याच गावचो. दिसता, पण हाताक गावणा नाय," तुम्ही म्हणालात, आणि आई चुलीपुढे तोंडाला पदर लावून हसली. त्याच ओटीवर पुढे ठरलं, बेट एक वर्ष त्यांचं, एक वर्ष आपलं. नंतर मात्र तुम्ही भेटेल त्याला सांगायचात, "आमची रांग बघून ते फिरले."

मग काही वर्षांनी गोव्यात सैन्य शिरलं तो डिसेंबर. तुम्ही कट्ट्याच्या बाजारात रेडिओ ऐकून आलात. गोव्याच्या दक्षिणेकडच्या एका बेटावर समोरून गोळी चालली, आपले काही खलाशी गेले. मी कढी वाढतेय, तुम्ही भात नुसताच चिवडताय. "एवडी मोठी जहाजां समोर दिसली, तरी ते फिरले कशे नाय?" असं तुम्ही कढीलाच विचारल्यासारखं विचारलंत. तुमचं ताट तसंच राहिलं.

उत्तर माझ्या ओठावर होतं. मी शाळेत गेले नाही, पुड्यांचे कागद वाचून अक्षरं शिकले, तेव्हा माझं शहाणपण टेकाडाएवढंच. दरारा माणसाला थांबवतो, परतवत नाही. परतायला लाज झाकणारं काहीतरी लागतं. हेही खरं, तुमच्या रांगेने ते घटकाभर थोपवले नसते, तर मला टेकाड चढायला वेळच मिळाला नसता. अर्धी बाजू तुमची, बाबा. पण त्या दिवशी तुम्ही एवढे खचलेले, की उरलेली अर्धी काढून घेणं माझ्याच्याने झालं नाही. मग रोज उद्यावर टाकलं, आणि तुम्ही गेलात.

तर सांगते. समुद्र कोरा होता. एकही बांगडा नव्हता.

हे पत्र तांदळाच्या डब्यातच राहील, टपालवाला कुठे नेणार? तरी उत्तर लवकर लिहा. रागावलात की हसलात, एवढंच. आणि दाजींनाही सांगा, म्हणावं, फसवणारा बांगडा नव्हता.