दोन बोटं वर

शुक्रवार, संध्याकाळ. जनाबिया

आधी नातजावई फैज आला, माझ्यासाठी हलवा घेऊन. मागून सना, "नानी, यल्ला, चला लवकर!" करत. अदलियाच्या त्यांच्या घरून मुद्दाम मला न्यायला आले, मी तर हरखूनच गेले. फैज पुढच्या महिन्यात परदेशी शिकारीला जाणार, म्हणून नेमबाजीच्या रेंजवर त्याची ठासणीची बंदूक तपासायची होती. रत्नागिरीला बाबांची बंदूक मीच भरायची, अशी फुशारकी मी महिनाभर मारलेली. "मग भरा नानी," म्हणाला.

नळीत दारू ओतली. मग भातात शिरलेल्या डुकराची गोष्ट सुरू केली. त्या नादात परत ओतली की काय? वर गोळी ठासली, तर ठासायचा गज त्यावरच्या बेताच्या भरणीच्या खुणेपेक्षा दोन बोटं वर राहिला. दोन बोटं! मला कळलं नाही असं कसं म्हणू? पण एवढ्या बढाईनंतर तोंड उघडेना. एरवी दिवसभर चालणारं तोंड. सनाने बंदूक खांद्याला लावून पाहिली, तरी मी गप्प.

ठिणगीची टोपी बसवण्याआधी फैजने सवयीने गज पुन्हा घालून बघितला. "सना, थांब! दारू दुप्पट झालीय, नळीच फुटली असती. माझीच चूक, मी मोजून द्यायला हवी होती."

मी तेही ऐकून घेतलं. गाडीत सना त्याला वाटेल तसं बोलली, आणि तो आरशातून माझ्याकडे बघून हसला. कळलंय त्याला. अल्लाने पोरीला राखलं, पण ती दोन बोटं डोळ्यासमोरून जात नाहीत.

सनाला मीच सांगणार. मंगळवारी दोघं जेवायला येतो म्हणालेत.