आखूड बंपर

सोमवार, ३ मार्च
कापला. चुकीचा कापला!
गाडी दातांच्या डॉक्टरांची, सहा वर्षं एकेक भाग गोळा करून हौसेनं बनवून घेतलेली. क्रोमचा बंपर दुसऱ्याच, मोठ्या गाडीचा. चार इंच लांब. मामांनी मधोमध रेघ मारून दिली होती. सासरे खरे, पण गॅरेजमध्ये ते माझे उस्ताद. म्हणाले, "रेघेच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच काढा." मी चार-चार काढले. कानाला मोबाइल होता, दुसरं काय!
दोन्ही अर्धी जुळवून गाडीला धरली. आखूड झालेल्या विजारीसारखी दिसली.
मामांनी चष्मा वर करून पाहिलं. "मी चार-चार म्हणालो का हो, जावईबापू?"
आणि मी मान डोलावली.

मंगळवार, ४ मार्च
डॉक्टर आले. दात बसवणारा माणूस, त्यांच्यापासून काय लपतंय! मामा स्वतः पुढे झाले. "चूक माझी. सांगताना घोटाळा झाला."
डॉक्टर हळूच म्हणाले, "आता आराम करा की, काका."
मी पाना पुसत उभा. पाना स्वच्छच होता.

गुरुवार, ६ मार्च
मामा कामावर आले नाहीत.

रविवार, ९ मार्च
सासरी जेवायला. जेवताना मामा तीनदा उठले — गॅस बंद आहे ना बघायला. परतताना बायको म्हणाली, "बाबा आईला विचारत होते, 'मी हल्ली विसरतो का गं?' तुला रे, कामावर कधी जाणवलं?"
"थोडंफार," मी म्हणालो.
थोडंफार! जीभ झडत कशी नाही माझी.

शनिवार, १५ मार्च
कापलेला तुकडा टाकला नव्हता, हे नशीब. त्यातले चार इंच परत मधे घातले. एकाच्या जागी दोन सांधे. आधी कडांचं क्रोम घासून काढलं, मग वेल्डिंग, मग दोन दिवस नुसती कानस. मामा म्हणायचे, "डोळ्याला काय विचारता? बोटाला विचारा." बोटाला सांधा लागेना, तेव्हा नवं क्रोम चढवायला प्लेटिंगवाल्याकडे धाडला.

शुक्रवार, २१ मार्च
बंपर आला — लखलखीत! ब्रॅकेटची भोकं जरा लांबवली, मागे चकत्या घातल्या. दोन्हीकडची फट अगदी सारखी. डॉक्टर खूश. "सासऱ्यांनी घातलेला घोळ निस्तरलात बुवा!" बंपरशेजारी माझा फोटो काढला.
मी हसलो फोटोत. दात काढून.

मंगळवार, २५ मार्च
बायको माहेरून मामांची हत्यारांची पेटी घेऊन आली. "बाबा म्हणाले, ही आता जावईबापूंनाच राहू दे." मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय त्यांनी. उद्या नाही, परवा. सोबत कोणी नको म्हणाले.
पेटी उघडवली नाही.

बुधवार, २६ मार्च
सासरी जाऊन मामांना सांगितलं. सगळं! ते "थोडंफार"सुद्धा. बायको दारात उभी राहून ऐकत होती. मग आत गेली.
मामांनी चष्मा वर केला. "म्हणजे मी दोन-दोनच म्हणालो होतो?"
"हो, मामा."
"नक्की?"
"नक्की."
त्यांनी टॉवेल तोंडावर धरला. खांदे हलत होते. मग उठले, चपला घातल्या.
"पेटी कुठाय माझी? चल, ऊठ."
नऊ वर्षं जावईबापू होतो, तुम्ही होतो. आज पहिल्यांदा — ऊठ.