पिवळं पडलेलं चिलखत

४ फेब्रुवारी

मिळाला! पांढऱ्या चिलखतातला अंतराळवीर, जुन्या खेळण्यांच्या दुकानाबाहेरच्या टोपलीत, बिनचाकी ट्रकांखाली उताणा पडलेला. खोकं नाही, डावा पंजा गायब — म्हणून तर परवडला. खोक्यातले महागडे बाहुले घेणारे वेगळे. ते खरं तर खोकीच जमवतात.

दुकानदाराने विचारलं, "नातवाला का, काका?"

"मलाच."

त्याने कागदात गुंडाळून दिला.

ही बघताच ओरडली, "अहो, हा बर्फाच्या किल्ल्यातला! किती छळलंय मला मेल्याने!" आमच्याकडे गेम खेळते ही, त्यातली माणसं जमवतो मी. खेळातलं मला ओ की ठो कळत नाही. पण कुणाचा पट्टा कुठल्या खांद्यावरून जातो, ते झोपेतही बरोबर सांगेन. अशी बायको मिळाली हे नशीबच. दुसरी असती तर शेल्फसकट मला बाहेर काढलं असतं.

९ फेब्रुवारी

पंजा केला. गाड्यांचे पोचे भरायची पुट्टी, बोटं टाचणीने कोरलेली. करंगळी जरा जाड झाली होती. मोडून पुन्हा केली. हे कुणी शिकवलं नाही. गाड्यांचे रंग जुळवायलाही कुणी शिकवलं नव्हतं, तरी माझा दरवाजा कुठला नि कंपनीचा कुठला, हे गॅरेजच्या मालकाला अजून ओळखता येत नाही.

चिलखत मात्र पिवळं पडलंय. स्वस्त प्लास्टिकचा हाच एक दोष!

११ फेब्रुवारी

औषधाच्या दुकानातलं पेरॉक्साइड आणलं, बुडवून उन्हात ठेवला. काही फरक नाही. शेवटी रंगच दिला — गॅरेजातला उरलेला पांढरा, त्यात निळ्याचा थेंब. अजून एक. आता कसा लख्ख! वर्षभरात रोबो आणि पंखवाली तिरंदाज यांनाही असंच सुधारलंय.

ही म्हणाली, "थंडीने काकडलाय का हो हा?"

मी त्याला शेल्फावर रोबोशेजारी उभा केला.

१४ फेब्रुवारी

ठोक्याशी वाजलं. ठोक्या म्हणजे आमचा डेंटर. तो पत्रा ठोकून सरळ करतो, मी रंग देतो. उभी हयात एकाच छपराखाली गेली. नवा बाहुला आला की जेवणाच्या सुट्टीत आधी त्यालाच दाखवतो.

"पेंटर, निळा का केलास रे?"

"पांढरा आहे."

"बरं बाबा, पांढरा. पण डोळे दाखवून ये एकदा."

"तू हातोडा सांभाळ. रंगातलं तुला काय कळतं?"

गप्प बसला. ठोक्या, आणि गप्प!

१६ फेब्रुवारी

हिने कोरा कागद समोर धरला. "कसा दिसतो?"

"पिवळट. जुना असेल."

"आत्ता नवीन गठ्ठा फोडलाय."

परवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं.

१८ फेब्रुवारी

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जग हळूहळू पिवळं होत जातं, त्यामुळे माणसाच्या लक्षात येत नाही." विचारलं, रंग पुन्हा पूर्वीसारखे ओळखता येतील ना? "बहुतेक." ज्याचं पोट डोळ्यांवर चालतं त्याला ‘बहुतेक’ कसं पुरणार? मालक तसाही रंग जुळवायचं मशीन आणू म्हणतोय. त्याला कळलं तर माझा ब्रश त्याच दिवशी खाली.

ऑपरेशन आधी डाव्या डोळ्याचं.

५ मार्च

पट्टी निघाली. हिचे केस पांढरे आहेत! सुंदर पांढरे, चांदीसारखे. तसं म्हटलं तर म्हणते, "एवढा खर्च करून हेच दिसलं?" हसलो. डॉक्टरीणबाईंचे हात सोन्याचे आहेत.

मग शेल्फपुढे उभा राहिलो. डावा झाकला — सगळे पांढरे. उजवा झाकला — सगळे निळे! रोबो तर जणू शाईत बुडवलेला. पुन्हा पुन्हा बघितलं आणि पोटभर हसलो.

हसता हसता गाड्या आठवल्या. वर्षभर त्याही याच डोळ्यांनी जुळवल्या की!

९ मार्च

उजवा झाकून डावा डोळा एकटाच घेऊन फिरतोय. शिक्षिकाबाईंची पांढरी गाडी कोपऱ्यावर उभी होती, मागचा दरवाजा माझ्या हातचा. उन्हात बघितला, सावलीत बघितला. कुठे जोड कळत नाही. बेकरीवाल्याची व्हॅन — तीही तशीच! देवाचे आभार मानले. पण घरी येईपर्यंत एकच गोष्ट डोक्यात. रंग मिसळले मी. डोळे असे. मग हे बरोबर आलं कसं?

११ मार्च

ठोक्याला विचारलं. पत्र्यावरून नजर न काढता म्हणाला, "तुझे बाहुले निळे यायला लागले तेव्हाच समजलो. तू घरी गेलास की तू मिसळलेल्या रंगाचं नमुन्याचं कार्ड गाडीला लावून बघायचो. डब्यात थोडा पिवळा टाकायचो. सकाळी तू येऊन मारायचास."

"आणि सांगितलं नाहीस?"

"ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. संध्याकाळी रंग मिसळून झाला तेव्हा कार्ड मीच त्याच्या हातात दिलं.