ज्याचं नाव काढायचं नाही

प्रिय दादा,

घाबरून लिहितेय, हसू नकोस. मी ऑर्केस्ट्रासाठी नवी रचना केलीय, तीही त्याच ऑपेरावरून, ज्याचं नाव अपशकुनी म्हणून आपल्या पार्मात वाजवणाऱ्यांपैकी कुणी काढत नाही. शुक्रवारी संध्याकाळी ती पहिल्यांदा वाजणार आणि त्याआधी मीच रंगमंचावर जाऊन ते नाव उच्चारायचं, असं ठरलंय.

तालमीत काय झालं सांगू? ऑपेराच्या सुरुवातीचे ते ठोके मी तसेच ठेवलेत, पितळी वाद्यांना. कंडक्टरनं काठी उचलली आणि ठोका आलाच नाही. बघते तर सगळ्यांचा एकेक हात खिशात, लोखंडी किल्लीवर. अपशकुन टाळायला लोखंड धरून बसलेला माणूस ट्रॉम्बोन वाजवणार कुठल्या हातानं? सगळे हसले. मीही हसले, पण माझाही हात पर्समधल्या बाबांच्या किल्लीवरच होता.

ते जेवण तू विसरला नसशीलच. बाबांना चिडवायला तू ते नाव मोठ्यानं घेतलंस आणि त्याच आठवड्यात वाजवता वाजवता बाबा कोसळले, डबलबास अंगावर घेऊन, ते उठलेच नाहीत. आई तुला एवढंच म्हणाली, "झालं समाधान?" तू त्रिएस्तेला गेलास तो गेलासच. तेव्हापासून आपल्या घरात दोन नावं काढत नाहीत, एक त्या ऑपेराचं आणि एक तुझं.

परवा वहिनीचा फोन आला. शुक्रवारी सकाळी तुझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे म्हणाली. नेमकं त्याच दिवशी! रचना मागे घेते, असं मी आईला सांगून टाकलं. ती तोर्तेल्ली पास्त्याचं पीठ मळत होती. हात न थांबवता तिनं ते नाव घेतलं, सावकाश, अख्खं. मग तुझंही घेतलं, "लेआर्को." "नाव न काढून कोण वाचलं गं आपलं?" असं म्हणत तिनं पिठाच्या हातांनीच कपाटावरची बॅग खाली ओढली.

म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाहीये, तिच्याच हाती देतेय. बाबांची किल्लीही तिच्यापाशी आहे, तुझ्यासाठी. शुक्रवारी मी रिकाम्या हातानं उभी राहून ते नाव घेईन. त्याची भीती आता तेवढी नाही. तू हे वाचशील आणि दार लावून घेशील, ह्या भीतीनं मात्र झोप लागत नाही. दादा, ती तुझ्यासमोर उंबऱ्यातच उभी असेल, जिना चढून दमलेली. तिला आत घे.

तुझीच,
नीवेस